हात जोडायची जागा

गाणं कानावर पडलं तेव्हा शिवकन्या मांडीवरच्या पिशवीत वडिलांच्या, आबांच्या, गोळ्यांचं पाकीट चाचपत होती. रिक्षा सांजा रोडच्या खड्ड्यांतून डुलत चाललेली. पुढं आरशाखाली अडकवलेल्या मोबाईलवर कुणी म्हातारा माणूस नुसत्या डफावर म्हणत होता, ‘रान न्हाई माझं पाखरा, राखण माझी हाय, पोटापुरतं टिपून घे गं, गोफण माझी न्हाय.’ आपल्या घरचं भांडं शेजारणीच्या मांडणीवर दिसावं तसं तिला वाटलं, पण ओठ आपोआप हलायला लागले. चाल संथ होती. आबांच्या भैरव संगीत पार्टीत हेच गाणं करडासारखं उड्या मारत जायचं. तिसरं कडवं संपलं आणि तिनं सवयीनं पिशवी सोडून हात जोडले, डोळे मिटले. इथं थांबायचं. इथं टाळ थांबतात, पेटी एकटीच दोन ओळींची चाल वाजवते आणि समोरची सगळी माणसं हात जोडून गप उभी राहतात, हे तिला पायानं चालता यायच्या आधीपासून ठाऊक. पण म्हातारा थांबला नाही. ‘श्रीपती बोले माळ्यावरून, ऐक पाखरा बाई, ज्यानं राखलं त्याच्या ताटी त्यातलं काही न्हाई.’ शिवकन्याचे हात जोडलेलेच राहिले. देवघरासमोर डोळे मिटून उभं असावं आणि आतून कुणीतरी खाकरावं, तसं झालं तिला.

“मावशी, देऊळ तर मागंच गेलं,” रिक्षावाला आरशातून बघत हसला. “हात कुणाला जोडलाव?”

“हे कडवं कुठलं? हे नसतंय ह्या गाण्यात.”

“नसतंय? अहो, ज्याचं गाणं त्यानंच म्हटलंय की. आमच्या जळकोटचे श्रीपती अण्णा. ज्वारीच्या राखणीला जायचे दुसऱ्याच्या रानात, तिथं माळ्यावर बसून रचलेलं गाणं हाय ते. मग सोनारीची ती भैरव संगीत पार्टी, तिनं उचललं, गिटार-बिटार लावली, तबकडी काढली. गाणं गावोगाव गेलं आन् अण्णा ऱ्हायले माळ्यावरच.” त्यानं हॉर्न वाजवला. “आता त्यांच्या नातीनं जुनी कॅसेट शोधून मोबाईलवर टाकलीय. खाली वाचा, लोकं कशी भांडायलीत ते. म्या पण दोन-चार ठेवून दिल्यात. तुमी कुठल्या, मावशी?”

“इथलीच,” ती म्हणाली. कुणीही विचारलं की ‘सोनारीची, भैरवनाथाच्या पायाशी जन्मलेली’ असं तोंड भरून सांगायची तिची रीत. आज ते तोंडात आलं नाही. उतरताना रिक्षावाल्यानं मागच्या काचेवरचा आपला नंबर दाखवला, बुद्धघोष नाव, कधीपण बोलवा म्हणाला. ती नुसती मान हलवून वळली, आणि फाटक उघडायच्या ऐवजी त्याला धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

चैत्रातल्या जत्रेत देवळासमोर पटांगणात सतरंजी पडायची. आबा मधे, पांढरं धोतर, हातात टाळ. पेटीवर महांतप्पा काका. आणि कडेला सोलापूरच्या मिलच्या वाद्यवृंदातून फुटून आलेला कृष्णराज, गळ्यात पट्टा घालून गिटार लटकवलेला. पहिल्या वर्षी गावानं त्याला हसून घेतलं. म्हशीला गॉगल घातलाय म्हणाले. पण त्यानं तारेवर बोटं मारून पाखरांचा थवा उडवला, खरोखर उडवला, तशी बायांनी आभाळाकडं बघितलं होतं असं आई सांगायची. शिवकन्याला आठवत होतं ते वेगळंच. आईच्या मांडीचा ऊबदार खळगा, लुगड्याला येणारा भाकरीचा वास आणि एकाएकी थांबलेले टाळ. आबांनी टाळ डोक्यावर उचलून धरलेले, डोळे मिटलेले. गिटार गप. पेटी एकटी, कण्हल्यासारखी. आणि सगळं पटांगण हात जोडून. “आई, आता कोण म्हणतंय?” तिनं विचारलं होतं. आई, कमलबाई, तिच्या कानाशी वाकून कुजबुजली, “इथं देव म्हणतोय. आपुन गप बसायचं.” तेवढ्यावर एवढं आयुष्य उभं राहिलं. कीर्तनाचं वेड लागलं तेही त्याच एका जागेपायी. बुवा चांगला की वाईट हे ती त्याच्या आवाजावरून ठरवत नाही, पाठांतरावरूनही नाही. तो थांबतो कुठं, त्यावरून ठरवते. काही बुवा थांबतच नाहीत, देवाला बोलूच देत नाहीत. एका सप्ताहात एका बुवानं हेच गाणं घेऊन सुरेख निरूपण केलं होतं. देह म्हणजे रान, ते आपलं नव्हे, राखण तेवढी आपली. आणि मग तोही थांबला, सगळा मंडप हात जोडून थांबला. नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा, आई गेली तेव्हा, लेक बंगळुरूला गेल्यावर घर कसंनुसं झालं तेव्हा, शिवकन्या मनातल्या मनात हे गाणं म्हणायची ते त्या जागेपर्यंत पोचण्यासाठी. तिथं पोचलं की निवांत. आणि आता त्या जागेवर कुणी माणूस बसलेला निघाला. नावागावाचा. उपाशी.

“काय झालं गं? उन्हाचं लागलं का?” नवऱ्यानं, रणधीरनं, दार उघडलं. तो एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. अजूनही घरात शिरणाऱ्याकडं तिकीट मागितल्यासारखा हात पुढं करायचा. तिनं त्याच्या हातात औषधांची पिशवी दिली आणि सगळं सांगितलं. त्यानं लगेच चष्मा लावून मोबाईलवर गाणं काढलं, आणि खाली सरकत सरकत मोठ्यानं वाचायला लागला. “ऐक. हा म्हणतोय, पार्टीचं गाणं म्हणजे लग्नातली जिलबी, अण्णांचं म्हणजे चुलीवरची भाकर. त्याला खाली एकानं विचारलंय, मग लग्नात भाकर मागतोस का रे? हा दुसरा म्हणतोय, गिटार घातली आन् गाण्याचा जीव गेला. त्याला उत्तर, गिटार नसती तर जीव होता हे तुला कळलं असतं का? पटतंय की. ही कोण बाई, म्हणती, चाल पार्टीची चांगली, आवाज अण्णांचा खरा, दोघांना एकत्र आणायला पायजे होतं. लंडनहून कोणी लिहिलंय बघ, लोहाऱ्याचाच दिसतोय, म्हणतो हिकडं पण साठ-सत्तर सालात पोरं असंच करायची, दुसऱ्याचं साधं गाणं घेऊन गिटारीवर म्हणायची, पण तबकडीवर मूळ माणसाचं नाव छापायची.” इथं रणधीरचा आवाज उतरला. पुढचं त्यानं मनातच वाचलं. तिनं मोबाईल ओढून घेतला. ‘भैरव पार्टीच्या बलभीमनं गाणं घेतलं, नाव गिळलं. ढेकर पण दिला नाही.’ लिहिणारा बुद्धघोष.

“पोरगं लिहितं मात्र झकास,” रणधीर म्हणाला, आणि तिचं तोंड बघून चष्मा काढून पुसायला लागला.

बलभीम आबा गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसलेले होते. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून शब्द एकेक करून गेले. आधी भाज्यांची नावं गेली, मग माणसांची, मग देवाचीही. राहिला तो ताल. खुर्चीच्या दांड्यावर उजव्या हाताची बोटं दिवसभर चालू असत. ऐकू मात्र सगळं येई, कळतही असावं. शिवकन्या त्यांना भरवताना गाणं म्हणे. तिसऱ्या कडव्यानंतर बोटं थांबत, हात थरथरत वर उचलला जाई, ती हात जोडे. मग हात खाली येई आणि दोघं पुन्हा ध्रुपदावर. बापलेकीचं एवढंच बोलणं उरलेलं. आता ती त्यांच्याकडं बघत उंबऱ्यात उभी राहिली आणि तिला वाटलं, आपण परक्या माणसाच्या घरात आलोय. गाणं चोरायचं असेल तर माणूस काय करतो? शेवटच्या कडव्यात दुसऱ्याचं नाव काढून आपलं घालतो. किती पार्ट्यांनी तसं केलं. ‘बलभीम बोले’ म्हटलं असतं तर मात्रा बसत होत्या, कुणाला पत्ता लागला नसता. नाहीतर ते कडवंच उडवायचं, भोक शिवून टाकायचं. आबांनी शिवलं नाही. जागा तेवढीच ठेवली, दोन ओळींची, वर पेटी लावून. चोर काही दार उघडं ठेवून जात नाही. असं मनाशी म्हणून तिला बरं वाटलं, आणि त्या बऱ्या वाटण्याचीच लाज वाटली. कारण भेकड माणूस दार उघडं ठेवतो, अर्धं. पुढच्या सतरंजीवर बसायचे ते बागायतदार, ज्यांच्या रानांवर अशाच श्रीपतींनी राखण केलेली. त्यांच्या तोंडावर ‘ज्यानं राखलं त्याच्या ताटी’ कोण म्हणणार? आणि ते नाव, ते घर कुठल्या वस्तीतलं, नुकताच कोणता धम्म घेतलेलं, हेही उच्चारासरशी त्या पटांगणात सगळ्यांना कळलं असतं. कीर्तनात ऐकून ऐकून तिला एक गोष्ट पाठ होती, संताचं पद म्हणायचं तर त्याची शेवटची ओळ, जिच्यात त्याचं नाव असतं, ती टाकायची नाही. ती टाकली की पद पोरकं होतं. हे तिला शिकवलं होतं आबांनीच.

दुपारभर तिनं मोबाईलवर लिहिलं आणि पुसलं. ‘मी त्यांची मुलगी.’ पुसलं. ‘तुम्हाला माहीत नाही ते किती देवभोळे…’ पुसलं. देवभोळेपणाचा इथं काय संबंध? ‘आम्ही त्या जागी हात जोडतो’ एवढं लिहिलं आणि बोट थांबलं. वाचणारे हसतील. माणसाचं नाव काढून टाकायचं आणि तिथं नमस्कार करायचा, हे कसलं? शेवटी ती उठली, गॅलरीत आबांच्या पायाशी जाऊन बसली. “आबा, एक विचारते. तुम्ही ते नाव का घेतलं नाही?” बोटं दांड्यावर चालूच. “श्रीपती अण्णांचं.” बोटं थांबली. आबांनी तिच्याकडं बघितलं नाही, खाली रस्त्यावर केळ्यांच्या गाड्याकडं बघत राहिले. मग हात उचलला, टाळ धरल्यासारखा, डोक्याच्या वर, आणि तो खाली येईना. तिनं वाट बघितली. शेवटी तिनंच तो दोन्ही हातांनी धरून मांडीवर आणून ठेवला, तर आबांनी पुन्हा उचलला. “रागावले का?” मागून रणधीर हळूच म्हणाला. “न्हाय,” ती म्हणाली. “थांबलेत.” पण कशासाठी, ते तिला सांगता येईना. रात्री तिनं पहिल्यांदाच गाणं न म्हणता झोपायचा प्रयत्न केला, आणि गाणं आपोआप आलं. त्या जागेपाशी येऊन तिच्याइतकंच अवघडून उभं राहिलं.

सकाळी तिनं बुद्धघोषला फोन लावला. आपण कोण ते सांगितल्यावर पलीकडं रिक्षाचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. “मावशी… म्हंजे मी लिहिलेलं तुमी वाचलं असंल.”

“वाचलं. ढेकराचं पण वाचलं.”

“मग आता काय म्हणू? तोंडावर वाईट वाटतंय. पण लिहिलंय ते मागं घेणार न्हाय, सांगून ठेवतो.”

“घेऊ नका. अण्णांच्या नातीला आमच्याकडं घेऊन याल का? आबा बोलत नाहीत. पण ऐकतात अजून.”

अण्णांची नात, रोहिणी, रविवारी आली. ती तुळजापुरात शाळेवर शिक्षिका होती. पांढरी साडी, खांद्याला पर्स, बोलणं नीटस आणि बेताचं. बुद्धघोष दाराशीच बूट काढत रेंगाळला, तेव्हा रणधीर म्हणाला, “या हो लेखक, आत या. ढेकर येईल असं जेवण आहे आज.” पोरगं लाजून हसलं आणि आत आलं. रोहिणी आबांसमोर खुर्ची ओढून बसली. थोडा वेळ ती फक्त त्यांच्या बोटांकडं बघत होती. शिवकन्या जमवून ठेवलेलं सगळं बोलणं विसरली. ती एवढंच म्हणाली, “ताई, लहानपणापासून मला वाटायचं, त्या जागी देव म्हणतो. आमच्या आईनं सांगितलं होतं. आख्खं गाव तिथं हात जोडतं. अजून जोडतं. आता मला तिथं उभं राहता येईना.”

“माहिती आहे,” रोहिणी म्हणाली. “हात जोडतात ते. आजोबांनी बघितलंय.”

“कधी?”

“एकदा गेले होते सोनारीच्या जत्रेला. ऐकायलाच गेले. लोक सांगायचे, तुमचं गाणं तिकडं लई जोरात चाललंय. मागं, नारळाच्या दुकानांपाशी उभे राहिले. गाणं सुरू झालं. ती गिटार त्यांना फार आवडली, हे लिहून ठेवा, मोबाईलवर लोक उगाच भांडतात. घरी येऊन तोंडानं वाजवून दाखवायचे, टँव टँव. मग त्यांचं कडवं आलं, आणि टाळ थांबले. त्यांना वाटलं, विसरला बिचारा. तोवर बघतात तर सगळं पटांगण हात जोडून उभं. पाटील, सावकार, बायाबापड्या, सगळे. त्यांच्या नावाच्या जागेला. आजोबा जळकोटपर्यंत हसत आले. आजी बनाबाईला म्हणाले, आगं, सारी सोनारी माझ्या नावाला हात जोडती आन् तिला ठावंच न्हाय! मरेपर्यंत सांगायचे आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे.”

बुद्धघोष मोठ्यानं हसला. रणधीरही. शिवकन्याला वाटलं, सुटलो. तेवढ्यात रोहिणी शांतपणे म्हणाली, “ते हसायचे. मला हसू येत नाही. त्यांच्या ताटात खरंच काही नसायचं हो.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणि ती शिट्टीसुद्धा शिवकन्याला उद्धट वाटली. तिनं आबांकडं बघितलं. त्यांचे डोळे भरून वाहत होते. पण झटक्यानंतर त्यांचा डावा डोळा नेहमीच वाहायचा, तेव्हा त्याचा अर्थ काय लावावा? आबांच्या वतीनं माफी मागावी असं तिच्या मनात आलं. शब्द जुळवलेही. पण ते तिचे नव्हते, ज्याचे होते त्याच्यापाशी शब्द उरले नव्हते. मग आबांची बोटंच हलली. दांड्यावर ठेका सुरू झाला, तोच, उड्या मारणारा, जत्रेतला. रोहिणी चमकून बघायला लागली. शिवकन्यानं म्हणायला सुरुवात केली, कारण ठेका लागला की ती म्हणायचीच. ‘रान न्हाई माझं पाखरा.’ आवाज आधी बसका आला, मग मोकळा झाला. बुद्धघोषनं मांडीवर साथ धरली. रणधीर कंडक्टरच्या सवयीनं दाराच्या चौकटीवर बोटांनी टकटक करायला लागला. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. आणि आबांचा हात वर गेला.

सगळे थांबले. खालून केळीवाल्याची आरोळी आली, गेली. शिवकन्याचे हात जोडले गेले होते. ते तिनं जोडले नव्हते. तिनं रोहिणीकडं बघितलं, म्हणजे आता तू म्हण, तुझं आहे. रोहिणीनं मान हलवली. “मी म्हणतेच की घरी,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “तुमच्याकडून ऐकायला आले.”

हात अजून खाली आला नव्हता. शिवकन्याला तो हात लहानपणापासून ओळखीचा, पण तो वर का जातो ते तिनं कधी बघितलंच नव्हतं. ती डोळे मिटून असायची. आज डोळे उघडे होते. खाली आणायला भ्यालेला हात होता तो. आणि कुणीतरी यावं म्हणून तोलून धरलेलाही. दोन्ही. त्यातलं एक काढून दुसरं ठेवता येईना. तिनं तोंड उघडलं. “श्रीपती बोले माळ्यावरून…” पहिल्यांदाच जिभेवर आलेलं नाव, पण किती ओळखीची त्याची जागा. इतकी वर्षं झाडून-सारवून ठेवल्यासारखी. “…ऐक पाखरा बाई, ज्यानं राखलं त्याच्या ताटी त्यातलं काही न्हाई.”

आबांचा हात धाडकन दांड्यावर पडला. ती ध्रुपदाकडं वळणार, तोच तो पुन्हा वर. ध्रुपद नको होतं त्यांना. तिनं ते कडवं पुन्हा म्हटलं. हात पडला, पुन्हा वर. कीर्तनात बुवा एकच चरण घोळवून घोळवून म्हणतो, एकदा नाव घेऊन त्याचं पोट भरत नाही, तसं चाललं. आबांचे ओठ हलत होते, त्यातून श्वासाचा नुसता ‘श्श’ येत होता, पुढं काही नाही. मग बुद्धघोषनं साथीला आवाज लावला. रणधीर बेसूर होता, तोही लागला. कितव्या वेळी कोण जाणे, शिवकन्याच्या ध्यानात आलं की कडवं म्हणताना आपले हात जोडलेलेच आहेत. तिनं ते सोडले नाहीत. दाराशी रणधीरनं जोडलेले. बुद्धघोषनं आधी तिच्याकडं, मग आपल्या हातांकडं बघितलं, आणि बिचकत बिचकत जोडले.

रोहिणी एकेकाकडं बघत होती. म्हातारा हात वर करून. त्याची लेक, जावई, आणि तो ढेकरवाला, सगळे वेताच्या एका खुर्चीभोवती हात जोडून, तोंडानं तिच्या आजोबाचं नाव. तिनं ओठ घट्ट दाबून धरले. खांदे हलायला लागले. शिवकन्या घाबरून गायचं थांबली, “ताई, काय झालं?” तेव्हा रोहिणीनं पदर तोंडाला लावला, पण ते आवरलं नाही. ती हसत होती. डोळ्यांत पाणी येईस्तोवर, अगदी मोकळं.

“काही नाही,” ती डोळे पुसत म्हणाली. “म्हणा तुम्ही. आजोबा असायला हवे होते. नावाला हात जोडतात, आणि आता ह्यांना ठावं आहे…” आणि पुन्हा हसली.

आबांचा हात वरच होता. शिवकन्यानं पुन्हा नाव घेतलं.